खाणीचे पाणी आणि खिडकीतली बाटली

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी भाची मैत्रिणींबरोबर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बंद लोहखनिज खाणीच्या कडेला जाऊन आली. खड्ड्याच्या तळातून पंपाने उपसलेले पाणी जिथे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडले जात होते, तिथून तिने एक काचेची बाटली भरून आणली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आत्या, हे तर आपल्या नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे. ह्याच्यावर शुद्धीकरण कसलं करायचं?" माझी नोकरीची सगळी वर्षे जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत गेलेली असल्यामुळे असा प्रश्न ऐकला की माझ्या तोंडून व्याख्यान सुरू होते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी व्याख्यान टाळले आणि बाटलीचे झाकण काढून ती खिडकीत ठेवून दिली.

संध्याकाळपर्यंत त्या पाण्यावर अगदी हलकी धुरकट छटा आली. दुसऱ्या दिवशी तळाशी गंजाच्या रंगाचा साका बसला होता. त्यानंतर पंधरवडाभर मी बाटली हलवली नाही, आणि त्या काळात काचेच्या आतल्या बाजूला एक तपकिरी-काळा थर हळूहळू चढत गेला, जो नंतर बोटाने घासूनही सहज निघेना.

गंजाचा साका लोखंडाचा होता आणि काळा थर मँगनीजचा. दोन्ही धातू बाटली भरतानाही पाण्यात होतेच. पण खोल खड्ड्याच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे ते साखरेसारखे विरघळलेले होते, म्हणून डोळ्यांना दिसत नव्हते. हवा लागली तसे लोखंड काही तासांत बाहेर आले. मँगनीज मात्र आळशी आहे. जिवाणूंच्या मदतीने त्याला दिवसच्या दिवस लागतात. पाणी नितळ असणे आणि पाणी पिण्यायोग्य असणे यांचा संबंध किती कमी आहे, हे मला शब्दांत सांगायला जितका वेळ लागला असता, त्यापेक्षा बाटलीने ते लवकर सांगितले.

गोव्याच्या खाणींच्या पाण्याविषयी बोलायचे तर सुरुवात जमिनीच्या पोटापासून करावी लागते, कारण इथला सगळा पेच तिथेच आहे. आपल्या पायाखाली वरच्या बाजूला जांभा आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी झिरपवून घेतो आणि घरोघरच्या विहिरी बहुतांशी ह्याच थरावर जगतात. त्याच्या खाली चिकणमातीचे थर आहेत आणि त्यांच्याही खाली भुकटीसारखे मऊ लोहखनिज आहे. ही भुकटी सच्छिद्र असल्यामुळे तीही पाण्याने भरलेली असते. म्हणजे ज्या खनिजासाठी खाण खोदायची, तेच खनिज भूजलाची टाकीही आहे. दगडी कोळशाच्या किंवा सोन्याच्या खाणीत पाणी ही कामातली अडचण असते, पण इथे खनिज काढणे म्हणजे टाकीची भिंतच फोडून नेणे होय. अनेक खाणींचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे आणि तो कोरडा ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे रात्रंदिवस पंप चालवावे लागले. पंप चालला की भोवतालच्या भूजलात शंकूसारखा खळगा पडतो, आणि त्या खळग्याच्या कक्षेत जी विहीर येईल तिचे पाणी खाली जाते. शिरगाव हे देवी लईराईच्या जत्रेसाठी सगळ्या गोव्याला माहीत असलेले गाव. तिथल्या विहिरींचा आणि शेतीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि टँकरने पाणीपुरवठा हा गावाच्या दिनक्रमाचा भाग झाला.

इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर चित्र खोटे होते. खाणीतून उपसलेले हे पाणी व्हाळांत सोडले जाई आणि काही गावांतले शेतकरी त्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात पिकवत. खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि त्यांचे वायंगण अडचणीत आले. ज्या यंत्राने एकाची विहीर आटवली, त्याच यंत्राने दुसऱ्याचे शेत भिजवले, आणि ही दोन माणसे कित्येकदा एकाच वाड्यावरची असत. खाणींवरची गावातली भांडणे इतकी कडवट का होतात, याचे एक कारण मला ह्यात दिसते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्यापुढचा शत्रू मँगनीज नव्हता, गाळ होता. एक टन खनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती आणि निरुपयोगी दगड बाजूला काढावा लागतो, आणि तो डोंगराएवढ्या ढिगांच्या रूपाने उभा राहतो. त्या ढिगांवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर, आणि घाटाकडच्या भागांत त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. लाल पाणी व्हाळातून शेतात, शेतातून नदीत आणि नदीतून आमच्या प्रकल्पाच्या तोंडाशी येई. शेतात बसलेला हा गाळ सुकला की त्याची सिमेंटसारखी पापडी धरते, तिच्यातून ना पाणी झिरपत ना भाताचे मूळ नीट पसरत. सरद, म्हणजे पावसाळी, पिकाची लावणी झाल्यावर एका रात्रीत बांध फुटून आलेला असा गाळ मी पाहिलेला आहे. सकाळी मेरेवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुमच्या पाण्याचा नमुना घ्यायचा आहे असे सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली होती.

हा गाळ अडवण्याचा रूढ उपाय म्हणजे खाणीच्या हद्दीतच एकामागून एक अशी निवळण तळी बांधणे आणि त्यांतून पाणी सावकाश पुढे सोडणे. उपाय बरोबर आहे, पण त्याचे गणित निर्दय आहे. वाळूचा दशांश मिलिमीटर जाडीचा कण एक मीटर खोल पाण्यात दोन-अडीच मिनिटांत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे बारीक गाळाचा कण तीन-चार तास घेतो. आणि चिकणमातीचा एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचा कण, जो आपल्या खाणींच्या मातीत भरपूर आहे, त्याला तेवढेच अंतर जायला दहा-बारा दिवस लागतात, तेही पाणी पूर्ण निश्चल असेल तर. आषाढात ज्या तळ्यातून पाणी तासाभरात वाहून जाते, त्या तळ्याने हा कण अडवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय गेल्या वर्षीचा गाळ मे महिन्यात उपसला नसेल तर तळे हे तळे राहत नाही, तो केवळ एक रुंद चर होतो. कागदावर तळ्यांची संख्या मोजणाऱ्यांनी त्यांची खोली क्वचितच मोजली, असे माझे मत आहे.

म्हणून गाळाचा खरा बंदोबस्त ढिगावरच व्हायला हवा. ढिगाचा उतार कमी करून पायऱ्या पाडणे, वरून येणारे पाणी ढिगाला न शिवता बाजूने नेणारे चर खणणे, पायथ्याशी जांभ्याच्या दगडांची भिंत घालणे, उघड्या उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरून आधी गवत आणि मग झाडे लावणे, ही सगळी कामे दिसायला सामान्य आहेत आणि त्यांचे उद्घाटन करायला कोणी येत नाही. आपल्याकडे पुष्कळ ढिगांवर सरसकट ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती झपाट्याने वाढते आणि छायाचित्रात हिरवी दिसते, पण तिच्या खालची जमीन बहुधा उघडीच राहते, आणि थेंबाचा मार अडवायला जमिनीलगतचे गवत लागते.

तरीही जो बारीक कण सुटून यायचा तो येतोच, आणि तिथून आमचे काम सुरू होत असे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी घातली की तो भार मावळतो, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके तासा-दोन तासांत खाली बसतात. आमच्या आज्या निवळीच्या बियांनी किंवा तुरटीच्या खड्याने हंड्यातले पाणी निवळत, त्याचेच हे मोठे रूप. तुरटी किती घालायची हे मात्र दररोज, आणि पावसाळ्यात तर दर काही तासांनी, सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून, पाणी ढवळून पाहावे लागते. ह्या चाचणीला आम्ही जार टेस्ट म्हणत असू. गोव्याचे पाणी मुळात मऊ, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, अगदी कमी. तुरटी आहे ती क्षारता खाऊन टाकते, पाण्याचा सामू (आम्लपणा दाखवणारा पीएच) घसरतो आणि मग तुरटीचेही काम अडते, म्हणून सोबत चुना द्यावा लागतो. कोरड्या प्रदेशातल्या पाठ्यपुस्तकी मात्रा इथे चालत नाहीत, हे मी पहिल्याच पावसाळ्यात शिकले. त्या रात्री नदी गडद लाल झाली होती, तुरटी वाढवू तसे पाणी आणखीच बिघडत होते, आणि शेवटी एका वयस्कर पंपचालकाने चुन्याच्या पोत्याकडे बोट दाखवले. त्याला सामू हा शब्द माहीत नव्हता, पण उपाय माहीत होता.

मँगनीजची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या काळात आपल्याला तिचाच सामना करायचा आहे. दक्षिण गोव्याच्या बहुतेक भागाला पाणी पुरवणाऱ्या साळावली धरणात हा प्रश्न आधीच दिसून गेला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव ह्याच जलाशयात बुडाले आणि मे महिन्यात पाणी उतरले की आपले माजी रहिवासी भेटायला येतील म्हणून दरवर्षी वर येते. धरणाच्या पाणलोटात खाणी आहेत. उन्हाळ्यात जलाशयाचे वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार पाण्यात मिसळेनासे होते. तळाचा प्राणवायू संपतो, आणि गाळात घट्ट बसलेले मँगनीज व लोखंड पुन्हा विरघळून पाण्यात उतरते. खिडकीतल्या माझ्या बाटलीत जे घडले, त्याच्या नेमकी उलटी ही क्रिया आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज ग्राह्य धरले जाते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. ह्याच्या वर गेले की पांढरे कपडे डागाळतात, नळाला काळे पाणी येते, आणि दीर्घकाळ अधिक प्रमाणात पोटात गेले तर लहान मुलांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होण्याची भीती असते.

तुरटीने विरघळलेले मँगनीज जात नाही. त्याला आधी घनरूपात आणावे लागते, आणि त्यासाठी क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरतात. मँगनीज काढायला मँगनीजचेच संयुग घालायचे, हे ऐकून नवे कर्मचारी हसत. एका मिलिग्रॅमला साधारण १.९ मिलिग्रॅम परमँगनेट लागते. थोडे जास्त पडले तर गावाच्या नळाला गुलाबी पाणी येते आणि मग दूरध्वनी थांबत नाहीत. पण ह्या कामातला सर्वांत विश्वासू कामगार म्हणजे गाळणीतली काळी पडलेली वाळू. वर्षानुवर्षे मँगनीजचे पाणी गाळून वाळूच्या कणावर मँगनीज ऑक्साइडचा जो लेप चढतो, तोच पुढचे विरघळलेले मँगनीज पकडतो. माझ्या ओळखीच्या एका प्रकल्पात नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने ही काळी वाळू अस्वच्छ समजून काढून टाकली आणि पांढरीशुभ्र नवी वाळू भरली. आठवड्याच्या आत पाणी काळे येऊ लागले. जुनी वाळू तोपर्यंत रस्त्याच्या कामाला गेली होती.

एका बाबतीत मात्र आपण सुदैवी आहोत. आपल्या लोहखनिजात पायराइट हे गंधकाचे खनिज फारसे नाही. ते जिथे असते तिथे हवा आणि पाणी लागताच त्याचे गंधकाम्ल होते, जिवाणू तो वेग कितीतरी पटींनी वाढवतात, आणि आम्ल पुढे दगडातले इतर धातू विरघळवत जाते. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांतल्या कोळसा खाणींच्या आम्लधर्मी पाण्याने खालच्या बाजूच्या कोपिली जलविद्युत प्रकल्पाच्या यंत्रांचे धातूचे भाग झिजवले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्यूट इथली बर्कली ही तांब्याची खाण आहे. तिथले पंप १९८२ मध्ये बंद केल्यावर खड्डा आम्लाने भरत गेला, आणि १९९५ मध्ये त्यावर उतरलेले तीनशेहून अधिक हिमहंस मेले. तिथे आता पाण्याची पातळी एका ठरलेल्या रेषेच्या वर जाऊ द्यायची नाही असे बंधन आहे, आणि ती राखण्यासाठी उपसा व शुद्धीकरण ज्याला अंत नाही असे चालवावे लागणार आहे. याउलट दक्षिण आफ्रिकेतल्या इमलाहलेनी इथे २००७ पासून कोळसा खाणींचे असेच पाणी चुन्याने उदासीन करून, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून गाळून शहराच्या नळांना दिले जाते. तिथले पाणी दुर्मीळ आहे, म्हणून खर्च परवडतो. नागपूरजवळ पाटणसावंगी इथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद विकले, हे विदर्भातल्या वाचकांना आठवत असेल. प्रत्येक ठिकाणी प्रक्रिया वेगळी आहे, कारण प्रत्येक ठिकाणचा दगड वेगळा आहे. एका खाणीचा प्रकल्प उचलून दुसऱ्या खाणीवर बसवता येत नाही.

गोव्यातल्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारच्या आदेशाने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या, काही काळ सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ह्या काळात खड्डे भरत गेले. पाऊस लांबलेल्या काही उन्हाळ्यांत ह्याच खड्ड्यांतले पाणी उपसून नद्यांत सोडले गेले आणि त्यावर शुद्धीकरण प्रकल्पांची तहान भागली. मला ह्या कल्पनेत गैर काही दिसत नाही. उलट इतके गोडे पाणी समोर असताना लोकांनी टँकरची वाट पाहावी हेच विचित्र आहे. माझा आग्रह एवढाच की पंपाचे तोंड तरंगत्या फळीला बांधून वरच्या थरात ठेवावे, जिथे प्राणवायू असतो. तळातून पाणी ओढू नये, आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासावेत. भाचीने आणलेले पाणी तळातले होते. तेच दहा मीटर वरून घेतले असते तर बहुधा बाटलीवर काळा थर चढला नसता.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतून दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीसाठी बाजूला ठेवायला सांगितले. २०१५ पासून खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद आली आणि तिच्या प्राधान्यक्रमात पिण्याचे पाणी व प्रदूषण नियंत्रण वरच्या जागी आहे. म्हणजे पैसा नाही ही सबब आता पूर्वीइतकी चालण्यासारखी नाही. पण हा पैसा सभागृहे आणि रस्ते यांच्याकडे जितक्या सहज वळतो, तितका तो निवळण तळ्यातला गाळ उपसण्याकडे किंवा प्रयोगशाळेत एक कायमचा रसायनतज्ज्ञ नेमण्याकडे वळत नाही.

आता लिलाव होऊन नवे खाणपट्टे सुरू होत आहेत; २०२४ मध्ये डिचोली तालुक्यातच काम सुरू झाले, आणि मुळगावच्या लोकांनी घरे, देवळे व तळी पट्ट्यातून वगळावीत अशी मागणी लावून धरली आहे. ह्या वादात माझ्यासारखीच्या मताला वजन नाही, पण एक गोष्ट मी प्रत्येक ओळखीच्या घरात जाऊन सांगते आहे. जुन्या खटल्यांत गावकऱ्यांचे पाऊल सर्वांत जास्त कुठे अडखळले असेल तर ते एकाच ठिकाणी: खाणीपूर्वी विहिरीत किती पाणी होते आणि ते कसे होते, याची लेखी नोंद कोणाकडेच नव्हती. आजीला आठवते की वैशाखातही घागर बुडत असे, पण आजीची आठवण समोरचा वकील अर्ध्या मिनिटात खोडून काढतो.

म्हणून भाचीने आणि मी गेल्या पावसाळ्यानंतर एक वही केली आहे. वाड्यावरच्या विहिरींच्या काठावर तांबड्या रंगाची एकेक खूण केली, दर मीटरला गाठ मारलेली आणि टोकाला वजन बांधलेली सुंभाची दोरी तयार केली, आणि महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी, म्हणजे विसरायला नको, आम्ही खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर लिहून ठेवतो. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, नमुने तपासणीला देतो: सामू, गढूळपणा, लोखंड, मँगनीज आणि जिवाणू. प्रत्येक नोंदीखाली विहिरीच्या मालकाची सही घेतो. सुरुवातीला शेजारच्या वहिनी म्हणाल्या की विहिरीत दोरी सोडून काय मोजायचे, पाणी आहे ते दिसतेच आहे. गेल्या महिन्यात आम्हाला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा त्यांनीच निरोप पाठवला की त्यांच्या विहिरीची नोंद राहिली आहे.